भूछत्राचे बारसे

पावसाची झड लागली की अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील नागावच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांत, कुजत्या झावळ्यांवर भूछत्रे डोके वर काढतात आणि दोन-तीन दिवसांत विरूनही जातात. यांतील एखादे विज्ञानाला अपरिचित असू शकेल काय? नक्कीच. पृथ्वीवर बुरशींच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग यांनी २०१७ साली मांडला. नाव लाभलेल्या जाती मात्र दीड लाखाच्या थोड्याच पुढे आहेत.

तथापि, वेगळे भूछत्र दिसणे निराळे आणि नवी जाती सिद्ध होणे निराळे. ताजा रंग, वास, कापल्यावर होणारा बदल वाळताना हरवतो. म्हणून या नोंदी जागेवरच कराव्या लागतात. टोपी कागदावर रात्रभर ठेवली की सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो, तर हिरवळीवर उगवणाऱ्या 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस' या विषारी भूछत्राचा हिरवट. (चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे भूछत्र निर्विष, हा समज निखालस खोटा आहे, केवळ ठशावरूनही ते खाण्याजोगे ठरत नाही.)

अळंबीचेच उदाहरण पाहा. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात तीच बुरशी मुळासारख्या लांब देठावर छत्री उभारते. कोकणात ती पिढ्यान्‌पिढ्या रांधली जाते. शास्त्रात मात्र या प्रजातीला 'टर्मिटोमायसीस' हे नाव फ्रेंच संशोधक रॉजर हाइम यांनी १९४२ साली दिले. दक्षिण भारतातील एका जातीला के. नटराजन यांनी १९७९ मध्ये हाइम यांचेच नाव दिले.

नावाला आधार लागतो तो वाळवून जतन केलेल्या मूळ नमुन्याचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रहालयात असे नमुने सांभाळले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे, डीएनएचा ठरावीक तुकडा वाचायचा, हा पुढचा क्रम. २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती उरली नाही. २०१३ पासून मात्र मान्यताप्राप्त नोंदवहीतील क्रमांकाविना नवे नाव ग्राह्य धरले जात नाही.

पातेल्यात गेलेल्या अळंबीचा नमुना उरत नाही. वाडीत अनोळखी भूछत्र आढळल्यास ते प्लास्टिकमध्ये न कोंडता कागदात गुंडाळावे. सोबत दिनांक, ठिकाण आणि ते कोणत्या झाडाखाली उगवले होते, हे लिहून ठेवावे.