पहिल्या झुरक्याच्या आधी

26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन यंदाही पार पडला. प्रभातफेऱ्या निघाल्या, मैदानावर मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली, काळवंडलेल्या फुफ्फुसाचं चित्र वर्गावर्गात फिरलं. त्याच आठवड्यात पेपरांतून एमडी या अमली पदार्थाच्या जप्त साठ्यांचे फोटोही आले. या कार्यक्रमांमागच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तक्रार आहे ती अशी, की तिथे सगळे पदार्थाबद्दल बोलतात. तो पदार्थ हातात घेण्याच्या आधी त्या मुलाच्या मनात काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक आकडा डोक्यातून जात नाही. नशेच्या एकाच प्रकारात 10 ते 17 वर्षांची मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत : हुंगायचे पदार्थ. मोठ्यांमध्ये प्रमाण 0.58 टक्के, मुलांमध्ये 1.17, म्हणजे दुप्पट.

पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. स्वस्त आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, हे कारण खरंच, पण अर्धंच. मुलगा रुमालाच्या टोकावर थोडं ओततो, मूठ आवळतो आणि ती नाकातोंडाशी धरतो. त्यातलं टोल्युइन फुफ्फुसातून मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचतं. भूक, थंडी, बापाचा मार, सगळं लांब सरकतं. काही मिनिटांत ते सगळं परत येतं आणि रुमाल पुन्हा ओला होतो. हृदयाची लय बिघडून एखादा पहिल्याच वेळी दगावतो, ही भीती त्याला घालून उपयोग होत नाही, कारण त्याच्या मेंदूने एक धडा पक्का केलेला असतो : नकोशी भावना मिनिटाभरात बंद करता येते. बाराव्या वर्षी हा धडा गिरवला, की राग किंवा दुःख थोडा वेळ सोसायची, ते आपोआप ओसरतं हे अनुभवायची संधीच मिळत नाही.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियान यांनी 1985 मध्ये हेच मांडलं होतं. माणूस मजेसाठी नव्हे, तर असह्य झालेल्या मनःस्थितीवर स्वतःच औषध म्हणून नशा करतो. सगळ्याच नशेला हे लागू पडत नाही. मित्रांच्या आग्रहाने, कुतूहलाने सुरुवात करणारे पुष्कळ असतात. पण दुःख बुडवण्यासाठी पिणारे, गंमत म्हणून पिणाऱ्यांपेक्षा जास्त अडकतात, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

भावना सांभाळता न येणं म्हणजे नेमकं काय? किम ग्राट्झ आणि लिझाबेथ रोमर यांनी 2004 मध्ये ते मोजायची 36 विधानांची प्रश्नावली केली. मनात काय चाललंय तिकडे लक्षच नसणं, लक्ष गेलं तरी ते नेमकं काय आहे हे न उमगणं, वाईट वाटतंय याचीच लाज वाटणं, अशा वेळी हातातलं काम पुढे न सरकणं, स्वतःवरचा ताबा जाणं, आणि यातून बाहेर पडायला आपल्याकडे काही मार्गच नाही असं वाटणं. यातली लाज आपल्या घरांत फार लवकर शिकवली जाते. ‘मुलगा असून रडतोस?’ आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस!’ ही दोन वाक्यं किती घरांत रोज कानावर पडतात!

तंबाखूचं गणित तर उलटंच आहे. ‘मळली की डोकं शांत होतं,’ असं नववीतलाही मुलगा सांगतो. ते त्याला खरंच जाणवतं. मात्र सवय लागल्यावर शांत होते ती बहुतांशी निकोटीन उतरल्यामुळेच आलेली चिडचिड.

यावर उपाय म्हणून मला सर्वांत आश्वासक वाटतं ते माँट्रियल विद्यापीठाच्या प्राध्यापक पॅट्रिशिया कॉनरॉड यांचं काम. मुलांना नशेत ओढणारे चार स्वभावविशेष त्यांनी हेरले : निराशा, काळजीने धास्तावण्याची वृत्ती, उतावळेपणा आणि थराराची ओढ. साध्या प्रश्नावलीवरून सातवीच्या मुलांमधली ज्यांच्यात यापैकी एखादी गोष्ट ठळक दिसते ती निवडायची, आणि एका स्वभावाच्या मुलांना एकत्र बसवून दीड-दीड तासाची फक्त दोन सत्रं घ्यायची. त्यांत भर पदार्थांवर नसतोच. धास्तावलेल्या मुलीला छाती धडधडू लागली की तिच्या डोक्यात कोणते विचार येतात, उतावळ्या मुलाला शिव्या तोंडात येण्याआधी अंगात काय जाणवतं, यावर बोलणं होतं. माँट्रियल परिसरातल्या 31 शाळांमध्ये पाच वर्षं पाठपुरावा झाला. जिथे ही सत्रं झाली तिथे व्यसनाच्या विकाराचं प्रमाण वर्षागणिक कमी वेगाने वाढलं. उलट, 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा ‘डेअर’ हा प्रचंड गाजलेला उपक्रम नशा रोखण्यात जवळजवळ निष्प्रभ ठरला. आपल्या प्रभातफेऱ्या त्याच वाटेने चालल्या आहेत, असं मला वाटतं.

आपल्याकडेही ही समज नवी नाही. लेखक अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या नशेवरच्या लेखांनी हललेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. डॉ. अनिता अवचट यांनी तिथे रुग्णाला गुन्हेगार न मानता बोलतं करण्यावर भर दिला. पण तिथवर पोचणारा माणूस बरंच काही गमावून आलेला असतो. तेच बोलणं सातवीच्या वर्गात व्हायला हवं आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळायला हवं. शिक्षण विभागाने पुढच्या 26 जूनची वाट न पाहता या सहामाहीतच काही शाळांत हे करून पाहावं.

घरात आत्ताच मदत हवी असेल, तर व्यसनासाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. मुलगा तयार नसला, तरी आईवडिलांनी स्वतः फोन करावा.