नोकरी सुटल्यानंतरचा जमाखर्च : भिशीचे काय करावे?

सोनेतारणाचा विचार आज व्हावयाचा होता. परंतु जुळे सोलापुरातील एका भगिनींच्या पत्रामुळे तो लांबणीवर टाकीत आहे. यजमान ज्या यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होते तो बंद पडला, ग्रॅच्युइटी हाती यावयाची आहे, आणि बारा जणींच्या, दरमहा २,००० रुपयांच्या भिशीचे चार हप्ते भरून झाले असता ती पुढे चालवावी की सोडावी, असे त्या विचारतात.

नंबर लागून गेला आहे की नाही, हे त्यांनी लिहिलेले नाही, आणि सारा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. लागला असेल, तर २४,००० उचलून ८,००० भरले गेले. उरलेले १६,००० हे बिनव्याजी, बिनतारणी कर्जच होय, आणि माझ्या मते ते बँकेच्या हप्त्याच्याही आधी फेडावे, कारण बँकेपाशी तारण असते, शेजारणीपाशी केवळ आपला शब्द. लागला नसेल, तर पाचवा नंबर चिठ्ठीवाचून आपणास द्यावा अशी विनंती करता येते. मात्र त्या २४,००० पैकी १४,००० पुढील सात हप्त्यांचे आहेत हे ध्यानी ठेवून, ते भरण्याची तजवीज दिसत नसल्यास, आपली जागा दुसऱ्या भगिनीस देऊन तिच्याकडून भरलेले ८,००० परत घ्यावेत. लिलावाच्या भिशीत मात्र अडलेल्याने बोली लावू नये. तेथे ज्याची निकड मोठी त्याची तूट मोठी.

लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा शहराच्या पूर्व भागातील असंख्य घरांची गुजराण स्त्रियांनी वळलेल्या विड्यांवर झाली. त्या मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर होतो, महिन्यावर नव्हे. म्हणून अशा घरातील खर्चही मासिक पगाराच्या मापाने बेतून चालत नाही, आणि हे शहाणपण पगारदार वस्तीने अवश्य घ्यावे असे मला फार वाटते. यजमानांना सध्या दोन-चार दुकानांचे हिशेब लिहिण्याचे काम मिळत असेल, तर पैसे येतील तसे भिशीचे ५०० रुपये दर आठवड्यास बाजूस काढावेत; महिनाअखेरीस २,००० एकदम उभे करणे त्यापेक्षा कितीतरी अवघड.

आता ग्रॅच्युइटी. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि सेवा बारा वर्षांची असेल, तर महिन्याचे २६ दिवस धरून वर्षामागे पंधरा दिवसांचे ७,५००, म्हणजे एकूण ९०,००० होतात. ही रक्कम खात्यात रुजू होईपर्यंत जमेस धरू नये, आणि तिच्या भरवशावर भिशीच्या भगिनींना मुदतही मागू नये. मुदत मागावयाचीच तर ती हप्त्याची तारीख उलटण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, किती दिवसांची ते स्पष्ट सांगून मागावी.