व्हिक्टोरियन काव्यातील विषाद आणि कल्पनाशक्ती : टेनिसन, अर्नोल्ड व थॉमसन यांच्या कवितांच्या संदर्भात

सारांश :

व्हिक्टोरियन काव्यातील विषादाचा उगम सामान्यतः श्रद्धेच्या ऱ्हासात शोधला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ज्या दुःखावर कोणतीही कृती शक्य नाही त्या दुःखाचे कल्पनाशक्तीने काय करावे, हा या काव्यापुढील खरा प्रश्न होता. आल्फ्रेड टेनिसन, मॅथ्यू अर्नोल्ड आणि जेम्स थॉमसन यांनी त्याला दिलेल्या उत्तरांचा विचार येथे केला आहे.

बीजशब्द : विषाद, कल्पनाशक्ती, विलापिका, व्हिक्टोरियन काव्य.

प्रस्तावना :

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द इ.स. १८३७ ते १९०१ अशी जवळजवळ चौसष्ट वर्षांची होती. रेल्वे, कारखानदारी आणि साम्राज्यविस्तार यांमुळे हा काळ आत्मविश्वासाचा मानला जातो. त्याच काळातील महत्त्वाच्या कवितेचा सूर मात्र खिन्न आहे. या विसंगतीचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून बहुधा एका वाक्यात दिले जाते : विज्ञानाने, विशेषतः डार्विनच्या सिद्धान्ताने, ख्रिस्ती श्रद्धेला धक्का दिला आणि त्यातून विषाद निर्माण झाला.

या विधानाची तारखांशी सांगड घालून पाहणे आवश्यक आहे. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ इ.स. १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. टेनिसनचे 'इन मेमोरियम' त्यापूर्वी नऊ वर्षे, म्हणजे इ.स. १८५० मध्ये वाचकांच्या हाती आले होते. त्यातील जीवाश्मांचे आणि निष्ठुर निसर्गाचे चित्र भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांच्या इ.स. १८३० ते १८३३ या काळातील ग्रंथाशी जोडता येते. डार्विनच्या ग्रंथाशी ते जोडता येत नाही. टेनिसनची 'मारिआना' ही कविता तर इ.स. १८३० मधील आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांना ज्या मानसिक औदासीन्याने ग्रासले आणि ज्यातून वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्यांना बाहेर पडण्यास साहाय्य केले, असे ते आत्मचरित्रात सांगतात, त्याचा आरंभ इ.स. १८२६ मधील आहे. मिल यांच्यापुढे श्रद्धा गमावण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे संगोपनच धर्मश्रद्धेवाचून झाले होते.

चरित्रात्मक स्पष्टीकरणही असेच अपुरे पडते. टेनिसनचा मित्र आर्थर हेनरी हॅलम याचे १५ सप्टेंबर १८३३ रोजी व्हिएन्ना येथे, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी निधन झाले. परंतु टेनिसनच्या कवितेतील विषाद या मृत्यूपूर्वीचा आहे. किंबहुना इ.स. १८३१ मध्ये स्वतः हॅलमनेच टेनिसनच्या कवितेचे परीक्षण करताना, आधुनिक काव्याच्या वृत्तीतच विषाद असल्याचे नोंदविले होते. कवी आणि समाज यांच्यातील पूर्वीचा मेळ तुटल्यामुळे मन स्वतःकडेच वळते, असा त्याच्या विवेचनाचा आशय होता. विषादाची मीमांसा करणारा हा समीक्षक दोनच वर्षांत त्या युगातील सर्वांत मोठ्या विलापिकेचा विषय व्हावा, हा दैवदुर्विलास होय.

संज्ञाविचार :

'मेलॅन्कली' या शब्दाचे मूळ ग्रीक वैद्यकातील कृष्णपित्ताच्या कल्पनेत आहे. रॉबर्ट बर्टन यांनी इ.स. १६२१ मध्ये या विकारावर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच वेळी, असामान्य प्रतिभेच्या व्यक्ती या वृत्तीच्या असतात, अशीही एक प्राचीन समजूत होती. म्हणजे विषाद आणि कल्पनाशक्ती यांचे नाते व्हिक्टोरियन कवींनी प्रथम शोधले असे नव्हे.

मराठीत या शब्दासाठी खिन्नता, उदासी, औदासीन्य असे पर्याय वापरले जातात. येथे 'विषाद' हा शब्द हेतुतः स्वीकारला आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त शोक हा करुण रसाचा स्थायीभाव आहे, तर विषादाची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत होते. हाती घेतलेले कार्य तडीस न जाणे, हे विषादाचे एक कारण तेथे सांगितले आहे. नाट्यशास्त्राचे निकष इंग्रजी कवितेवर लादण्याचा येथे उद्देश नाही. तथापि दुःख आणि खुंटलेली कृती यांचा हा संबंध पुढील विवेचनात उपयुक्त ठरतो.

'मारिआना' : न बदलणारे आवर्तन

शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकातील, प्रियकराने टाकलेल्या एका स्त्रीवरून टेनिसनला ही कविता सुचली. प्रत्येकी बारा ओळींच्या सात कडव्यांत काहीही घडत नाही. गंजलेले खिळे, शेवाळलेले फुलांचे वाफे, तावदानावर गुणगुणणारी माशी, भिंतीच्या लाकडी आवरणामागचा उंदीर, पॉप्लर वृक्षाची पडणारी सावली एवढेच आपण पाहतो. मारिआनाच्या मनाविषयी कवी फारसे बोलत नाही. ते काम या वस्तू करतात. कल्पनाशक्ती येथे विषादाची शत्रू नाही. उलट विषादामुळेच तिची दृष्टी इतकी सूक्ष्म झाली आहे.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी ध्रुवपद येते. ते जवळजवळ तसेच राहते. शेवटच्या कडव्यात मात्र त्यात लहानसा बदल होतो. तोपर्यंत प्रियकर येत नाही अशी तक्रार होती. आता तो येणार नाही अशी खात्री आहे. सात कडव्यांचा प्रवास एवढाच. आशा संपते, पण तिच्या जागी दुसरे काहीही येत नाही.

अर्नोल्डचा आक्षेप :

अशा कवितेने वाचकास काय द्यावे? हा प्रश्न मॅथ्यू अर्नोल्डने सर्वांत कठोरपणे विचारला, आणि तोही स्वतःच्या कवितेस. 'एम्पेडोक्लीस ऑन एटना' ही त्याची नाट्यकविता इ.स. १८५२ मध्ये प्रसिद्ध झाली. विचारांनी थकलेला ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस एटना ज्वालामुखीच्या मुखात उडी घेतो. डोंगराच्या खालच्या अंगाला तरुण वादक कॅलिक्लीस पुराणकथा गात असतो. त्याचे गाणे वर ऐकू येते, पण तत्त्वज्ञाला वाचवू शकत नाही. विचार आणि कल्पना या दोन शक्ती येथे दोन पात्रांत विभागल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्यातील अंतर मिटत नाही.

इ.स. १८५३ च्या संग्रहातून अर्नोल्डने ही कविता वगळली आणि प्रस्तावनेत त्याची कारणे दिली. ज्या दुःखाला कृतीत वाट मिळत नाही, जेथे केवळ सोसायचे असते व करण्याजोगे काहीच नसते, असे दुःख काव्यास योग्य नाही. ते वाचकाला आनंद देत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. कवीने आपलीच उत्तम रचना तत्त्वासाठी बाजूला ठेवावी, हे धैर्य दुर्मीळच होय. परंतु हा निकष त्याला स्वतःलाच पाळता आला नाही. रॉबर्ट ब्राउनिंगच्या विनंतीवरून इ.स. १८६७ च्या 'न्यू पोएम्स'मध्ये ती कविता परत आली. त्याच संग्रहात 'डोव्हर बीच'ही प्रसिद्ध झाली. खिडकीपाशी उभे राहून भरती-ओहोटी ऐकण्यापलीकडे या कवितेतही कृती नाही. तरीही अर्नोल्डची सर्वाधिक वाचली जाणारी कविता हीच आहे.

'इन मेमोरियम' : कृतीविना गती

अर्नोल्डच्या आक्षेपाचे उत्तर, कालक्रम मागे नेऊन, टेनिसनच्या विलापिकेत शोधता येते. सुमारे सतरा वर्षे टप्प्याटप्प्याने लिहिलेल्या या काव्यात प्रस्तावना व उपसंहार वगळता १३१ विभाग आहेत. मित्र परत येणार नाही. तेव्हा अर्नोल्डच्या अर्थाने येथेही करण्याजोगे काहीच नाही. मग हे काव्य 'मारिआना'प्रमाणे जागच्या जागी का थांबत नाही?

याचे एक कारण रचनाबंधात आहे. चार ओळींच्या कडव्यात पहिल्या व चौथ्या ओळीचे यमक जुळते आणि मधल्या दोन ओळींचे परस्परांशी जुळते. त्यामुळे प्रत्येक कडवे पुढे जाते, मधे थोडे थबकते आणि उशिरा मागे वळून पहिल्या नादाशी येते. स्मरणाची रीतही अशीच असते. छंदोबद्ध भाषेचा सराव वेदना बधिर करणाऱ्या औषधासारखा आहे, अशी शंका कवी पाचव्या विभागात स्वतःच व्यक्त करतो. विषादातून जन्मणाऱ्या कल्पनेचा धोका त्याला पूर्णपणे माहीत आहे.

दुसरे कारण पुनर्भेटींत आहे. काव्यात तीन नाताळ येतात आणि प्रत्येक वेळी घरातील शोकाचे रूप निराळे असते. याहून महत्त्वाची सातव्या आणि ११९ व्या विभागांची जोडी आहे. सातव्या विभागात झोप न लागलेला कवी पहाटे लंडनमधील हॅलमच्या घराच्या दारापाशी उभा राहतो. मित्राचा हात तेथे नसतो आणि पावसात एक रिकामा दिवस उजाडतो. ११९ व्या विभागात तो त्याच दारापाशी पुन्हा येतो. या वेळी शहर झोपेत असले तरी रस्त्यावर त्याला कुरणाचा गंध जाणवतो, पाखरांचा आवाज ऐकू येतो, आणि मनोमन तो मित्राचा हात हाती घेतो. घर तेच, दार तेच, मृत्यूही तोच. बदलली आहे ती पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती.

अर्नोल्डने कृती आणि गती यांत भेद केला नाही. बाह्य कृती नसतानाही मनाला गती असू शकते, आणि ती दाखविणे हे काव्याचे कार्य असू शकते, हे या जोडीवरून दिसते. हे सांत्वन फार सहज मिळाले, असा आक्षेप घेता येईल. परंतु टी. एस. एलियट यांनी इ.स. १९३६ मध्ये म्हटल्याप्रमाणे या काव्याची धार्मिकता त्यातील श्रद्धेच्या नव्हे, तर संशयाच्या गुणवत्तेत आहे. ५४ ते ५६ या विभागांतील प्रश्न पुढे कोठेही रद्द होत नाहीत. कवी त्यांच्यासह जगावयास शिकतो.

थॉमसन : विषादाची मूर्ती

हा शेवट सर्वांना शक्य नव्हता. जेम्स थॉमसन यांचे 'द सिटी ऑफ ड्रेडफुल नाइट' हे २१ विभागांचे काव्य इ.स. १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस शहरावर एक कांस्यमूर्ती दिसते. तिचे रूप आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या इ.स. १५१४ मधील 'मेलेन्कोलिया' या चित्रावरून घेतले आहे. त्या चित्रातील पंख असलेली स्त्री हातावर डोके टेकून बसली असून तिच्याभोवती अवजारे विखुरली आहेत. साधने आहेत, सामर्थ्य आहे, पण काम थांबले आहे. थॉमसनच्या नगरीत बलवान लोक या मूर्तीकडे पाहून सहनशक्ती मिळवितात, दुर्बलांना नवे भय मिळते, आणि निराशेची खात्री मात्र सर्वांनाच पटते. येथे कल्पनाशक्ती सांत्वन करीत नाही. ती निराशेला सर्वांस दिसेल असे रूप देते. एकट्याचा विषाद त्यामुळे नगराचा होतो, हीच या काव्याची उपलब्धी होय.

निष्कर्ष :

१. व्हिक्टोरियन काव्यातील विषाद केवळ श्रद्धाऱ्हासाचा किंवा वैयक्तिक वियोगाचा परिणाम नाही. या काव्यातील त्याचा आरंभ दोहोंच्याही आधीचा आहे.

२. विषाद कल्पनाशक्तीला सूक्ष्म दृष्टी देतो, परंतु तिला आवर्तनात अडकविण्याची शक्यताही त्यातच असते.

३. कृतिहीन दुःख काव्यास अयोग्य आहे, हा अर्नोल्डचा निकष त्याच्याच काव्याने आणि 'इन मेमोरियम'ने अपुरा ठरविला.

या कविता शिकविताना आपण त्यांना युगाचे पुरावे म्हणून वापरतो, आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'संशयाचे युग' हे शब्द लिहून मोकळे होतात. त्याऐवजी सातवा आणि ११९ वा विभाग वर्गात शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : मधल्या काळात काय बदलले? ज्या दुःखावर काहीच करता येत नाही, असे दुःख आपल्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या वाट्यास आलेले असते किंवा पुढे येणार असते. त्या दाराशी पुन्हा उभे राहता येते, एवढे त्यांना या कवितेतून कळले, तरी ती शिकविण्याचे प्रयोजन सिद्ध होईल.