एकवीस किलोमीटरचा हिशेब

धांवणें हा माझा विषय नव्हे, हें आरंभींच कबूल करतों. चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रांची देखभाल करणारा मी माणूस. तीन पाळ्यांचें चक्र, दिवसा झोप आणि मध्यरात्रीं चहा-वडापाव, असा पंधरा वर्षांचा क्रम. गेल्या वर्षींच्या तपासणींत रक्तांतील साखर मर्यादेच्या अगदीं काठावर निघाली. माझ्या वडिलांची दृष्टि याच व्याधीनें गेली होती. त्यामुळें डॉक्टरांना फारसें समजावावें लागलें नाहीं. त्याच आठवड्यांत एका तरुण सहकाऱ्यानें अर्धमॅरेथॉनच्या यादींत माझें नांव घातलें. मीं तें काढावयास सांगितलें. त्यानें काढलें नाहीं, आणि मींहि पुन्हां सांगितलें नाहीं. माझा निर्धार म्हणतात तो एवढाच.

ही शर्यत २१.०९७५ किलोमीटरची. संख्या चमत्कारिक दिसते, कारण ती ४२.१९५ ची निम्मी आहे. हें मूळ अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें धांवलें गेलें आणि १९२१ सालीं कायम ठरलें. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर साधारण नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतची वाट. जी वाट मी बसमध्यें डुलक्या घेत संपवितों, ती पायांनीं कापावयाची, या कल्पनेनेंच पोटांत गोळा उठला.

मग कागदावर हिशेब मांडला. तीन तासांत हें अंतर संपवावयाचें, तर एका किलोमीटरला साडेआठ मिनिटें मिळतात. झपझप चालणाऱ्याला दहा-अकरा मिनिटें लागतात. म्हणजे चालणें आणि माझी शर्यत यांत अंतर आहे तें दीड ते अडीच मिनिटांचें. भीति अर्धी ओसरली ती येथें.

तरीहि पहिल्या दिवशीं निगडीच्या दुर्गा टेकडीपाशीं मीं जी धूम ठोकली, ती दोनशें पावलांत संपली. नवशिक्याची चूक बहुधा हीच: धांवणें म्हणजे धापा टाकणें असें त्याला वाटतें. वास्तविक शेजारच्या माणसाशीं पूर्ण वाक्य बोलतां येईल इतकीच गति ठेवावी. तेंहि न साधल्यास दोन मिनिटें धांवावें, एक मिनिट चालावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस पुरेत. त्यांपैकीं एका दिवसाचें अंतर दर आठवड्यास किलोमीटरभर वाढवावें, आणि चौथ्या आठवड्यांत मुद्दाम कमी करावें.

हें कमी करणें मला पटलें नव्हतें. दुसऱ्या महिन्यांत अंगांत बळ आल्यासारखें वाटलें, म्हणून एकदम दुप्पट धांवलों आणि नडगीच्या दुखण्यानें पंधरा दिवस घरीं बसलों. हृदय आणि स्नायु कांहीं आठवड्यांत सुधारतात. परंतु हाडें, आणि त्यांना स्नायु बांधून ठेवणाऱ्या कंडरा, यांना महिने लागतात. दम टिकूं लागला म्हणजे पाय तयार झाले असें नव्हे. यंत्राची मोटर मोठी बसवून पट्टा जुनाच ठेवला तर काय होतें, हें मला तरी कळावयास हवें होतें!

ज्या कारणासाठीं मी धांवतों, त्याचाहि खुलासा करतों. काम करणारा स्नायु रक्तांतील साखर स्वतःच ओढून घेतो. त्यासाठीं इन्सुलिनची वाट पाहत नाहीं. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून औषध आहे तें मंगळवारच्या चार किलोमीटरांत. शर्यतीचा दिवस हें केवळ निमित्त. मात्र चाळिशी उलटलेल्यांनीं, विशेषतः छातींत दुखत असल्यास, आधीं डॉक्टरांना विचारावें.

हा खेळ आपल्याकडे परका आहे असेंहि समजूं नये. १९१९ सालीं पुण्यांत डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे गडी पाहून दोराबजी टाटा चकित झाले, आणि पुढल्याच वर्षीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें धांवून एकोणिसावे आले.

आमची खरी अडचण पाळ्यांची. रात्रपाळीनंतर धांवूं नये. त्या दिवशीं झोप हाच अभ्यास. चाकण-तळेगांव रस्त्यावर तर अंधारांत पाऊलहि टाकूं नये. कंटेनरच्या चालकाला आपण दिसत नाहीं.

सध्यां मी चौदापर्यंत आलों आहें. येत्या रविवारीं पंधरा धांवावयाचे आहेत. शनिवारची रात्रपाळी मीं बदलून घेतली आहे.