परकी किल्ली
परकी किल्ली : संगणकीय डेटाबेसमधील एका सारणीतील नोंदीचा दुसऱ्या सारणीतील नोंदीशी संबंध जोडणारा स्तंभ किंवा स्तंभसमूह. संगणक-व्यवहारात तो ‘फॉरेन की’ या नावाने ओळखला जातो. सारणीतील प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखून देणाऱ्या स्तंभास प्राथमिक किल्ली म्हणतात. तिचे मूल्य दुसऱ्या सारणीत संदर्भादाखल लिहिले, की तेथे ते परकी किल्ली ठरते.

इंग्रज संगणकशास्त्रज्ञ एडगर एफ. कॉड यांनी आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कल्पना मांडली. तत्पूर्वीच्या पद्धतींत नोंदी साठवणीतील स्थानदर्शकांनी एकमेकींस जोडलेल्या असत; साठवणीची मांडणी बदलली, की आज्ञावलीही बदलावी लागे. कॉड यांनी हा संबंध केवळ मूल्यांच्या सारखेपणावर आधारला.

महाराष्ट्राच्या गावदप्तरात अशी जोडणी कागदावर फार पूर्वीपासून रूढ आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव समुद्रकाठच्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखादी हापूसची बाग उदाहरणादाखल घेता येईल. बागेची जमीन सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक यांनी ओळखली जाते. परंतु तेच क्रमांक शेजारच्या गावातही असू शकतात. म्हणून गाव, सर्व्हे व हिस्सा ही तिन्ही मिळून संयुक्त प्राथमिक किल्ली होते. गाव नमुना सातमध्ये धारकाच्या नावासोबत खाते क्रमांक असतो. त्याच क्रमांकाने गाव नमुना आठ-अमध्ये त्या खात्याच्या सर्व जमिनी एकत्र पाहता येतात. नाव ज्या फेरफारान्वये दाखल झाले, त्याचा क्रमांकही सातवर असतो व तो गाव नमुना सहाकडे, म्हणजे फेरफार नोंदवहीकडे नेतो. सातवरील हे दोन्ही क्रमांक परक्या किल्ल्याच होत.

कोकणात जमिनी बहुधा सामाईक असतात. एका हिश्श्यात दहा भाऊबंद आणि प्रत्येक भाऊबंदाचा अनेक हिश्श्यांत वाटा, असा हा अनेकांचा अनेकांशी संबंध असतो. तो जमिनींच्या सारणीत मावत नाही व माणसांच्या सारणीतही मावत नाही. त्यासाठी तिसरी सारणी लागते. तिच्या प्रत्येक ओळीत एक जमिनीची व एक धारकाची अशा दोन परक्या किल्ल्या असतात. वाट्याचे प्रमाण नोंदविण्याची योग्य जागाही तीच.

परकी किल्ली जाहीर केली, की ज्या खाते क्रमांकाची मूळ नोंदच नाही, तो क्रमांक सातच्या सारणीत लिहिण्यास संगणक नकार देतो. यास संदर्भ-अखंडता म्हणतात. एसक्यूएल या भाषेच्या प्रमाणात तिची तरतूद १९८९ च्या आवृत्तीत झाली. मूळ नोंद पुसावयाची झाल्यास तीन मार्ग असतात : पुसण्यास मनाई करणे, अवलंबून असलेल्या नोंदीही पुसणे किंवा त्यांतील संदर्भ रिकामा ठेवणे. दुसरा मार्ग हक्काच्या नोंदींत घातक होय. एक खाते पुसताच त्याची सारी मालकी नाहीशी व्हावी, हे कोणासही परवडणारे नाही. गावदप्तरात जुने नाव खोडून नष्ट करीत नाहीत, त्यास कंस करतात; संगणकातही नोंद रद्द असल्याची खूण करून ती राखणेच श्रेयस्कर.

मात्र या बंधनाची हमी मर्यादित आहे. संदर्भित नोंद अस्तित्वात आहे एवढेच ते तपासते. ती योग्य आहे की नाही, हे तपासत नाही. हस्तलिखितावरून नोंद घेताना खाते क्रमांक ११२ ऐवजी १२१ पडला व १२१ हे खातेही त्या गावात असले, तर संगणक ती नोंद बिनतक्रार स्वीकारतो आणि बाग दुसऱ्याच्या खात्यावर दिसू लागते. तसेच मुंबईत वारलेल्या धारकाचे नाव सातवर तसेच राहिले, तरी सर्व किल्ल्या जुळतात. अडचण वारसांना पीककर्जाच्या किंवा विक्रीच्या वेळी कळते. पहिली चूक, ती लेखनप्रमाद असल्यास, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्त करता येते. दुसऱ्या बाबतीत कलम १४९ प्रमाणे वारसांनी हक्कप्राप्तीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. तीवरून फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात व हरकतींचा विचार होऊन नोंद प्रमाणित झाल्यावरच नवा फेरफार क्रमांक सातवर येतो.