संगीतकार नट कसा घडतो?

गोड गळा लाभला म्हणजे संगीत रंगभूमीवर यश ठेविलेलेच, असा पुष्कळांचा समज असतो. कै. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे चरित्र निराळेच सांगते. त्यांनी प्रथम हार्मोनियमवर प्रभुत्व मिळविले व थोर गवयांच्या सहवासात कान तयार केला. १९११ साली ‘मानापमान’ नाटकास चाली देताना ठुमरी-दादऱ्यांचे हे श्रवणच कामी आले. १९१३ साली ते गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार झाले व स्वतः रंगभूमीवरही उतरले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास संगीत त्यांचेच, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! श्रवण, वादन, रचना व मग भूमिका, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्यांनी यातील पहिली पायरी गाळू नये. आणि पालकांनीही या विद्येस केवळ छंद न लेखता अभ्यासाचा मान द्यावा.