महिन्याचा पास आणि अडीचशे रुपयांचा दंड

मुंबईच्या लोकलचे स्टेशन प्रवाशाला अडवत नाही. दादर, ठाणे, कुर्ला, अंधेरी, कुठेही पाहा. रस्त्यावरून पुलावर, पुलावरून फलाटावर आणि फलाटावरून डब्यात शिरेपर्यंत तिकीट मागणारे एकही यंत्र वाटेत लागत नाही. करोनाच्या आधी मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात होते आणि त्यांतला फार मोठा भाग पैसे भरून जात होता. वर्तमानपत्रांत मात्र बातमी येते ती फुकट्या प्रवाशांची: मोहीम निघाली, इतके पकडले, इतका दंड वसूल झाला. ती वाचून रेल्वेचे सारे उत्पन्न टीसीच्या दराऱ्यावर उभे आहे असे वाटू लागते. मला ते पटत नाही. लोकलचे भाडे राखतो तो महिन्याचा पास. टीसी त्या पासाला टेकू देतो, आणि जिथे पासाचा हिशोब बिघडतो तिथे टीसी वाढवूनही गळती थांबत नाही.

हिशोब कुणालाही मांडता येईल. सीएसएमटी ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर. या अंतराचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट १५ रुपये आणि महिन्याचा पास २१५ रुपये. महिन्यातले २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो, म्हणजे पासावर एक फेरी त्याला चार रुपये तीस पैशांना पडते. आता दुसरी बाजू. विनातिकीट सापडल्यास दंड किमान २५० रुपये, शिवाय भाडे, एकूण २६५. म्हणजे जो महिन्यातून एकदाच सापडतो, त्यालाही पास काढणाऱ्यापेक्षा ५० रुपये जास्त मोजावे लागतात. महिन्यात ५० वेळा फलाटावर उतरणारा माणूस एकदाही टीसीच्या नजरेस पडणार नाही, असा भरवसा कुणी धरावा? पैशांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट पासाने होते. पैसे भरायचे की नाही हा प्रश्न रोज सकाळी गाडी सुटताना उभा राहत नाही, तो महिन्यातून एकदा खिडकीवर किंवा मोबाइलवर मिटतो. तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट आणि वार्षिक पास १०.८ पट असल्यामुळे अनेकांसाठी तर तो वर्षातून एकदाच येतो. रांग लांब आहे, सुटे पैसे नाहीत, गाडी फलाटाला लागली आहे, या नेहमीच्या सबबींना जागाच उरत नाही.

जून २०१४ मध्ये हा हिशोब मोडण्याच्या बेतात होता. रेल्वेच्या भाडेवाढीत मासिक पासाचा दर १५ फेऱ्यांऐवजी ३० फेऱ्यांच्या भाड्यावर ठरवायचे जाहीर झाले, म्हणजे पास जवळजवळ दुप्पट. मुंबईत संतापाची लाट उसळली, महाराष्ट्रातले खासदार दिल्लीत रेल्वेमंत्र्यांना भेटले आणि चार दिवसांत निर्णय फिरला. ८० किलोमीटरपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या उपनगरी तिकिटाची वाढही मागे घेतली गेली. तेव्हा पुष्कळांनी याला मतांसाठी घातलेले लोटांगण म्हटले. पण वरचाच हिशोब दुप्पट पासावर करून पाहा. आजच्या दराने ठाण्याचा पास ४३० रुपये झाला असता आणि महिन्यातून एकदा सापडण्याची किंमत २६५ च राहिली असती. रोज इमानाने पास काढणाऱ्या माणसाला पास न काढणे स्वस्त पडेल, अशी व्यवस्था रेल्वेने आपल्याच हाताने उभी केली असती. त्या माघारीने प्रवाशाचा खिसा वाचला तसा रेल्वेचा गल्लाही वाचला असे मी मानतो.

पासाचे हे स्थान सरकारही ओळखून आहे, हे २०२१ मध्ये दिसले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर १५ ऑगस्टपासून लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, ती फक्त पासावर. एका फेरीचे तिकीट त्यानंतर कित्येक आठवडे मिळत नव्हते. माणूस कोण, त्याला परवानगी आहे का, ही तपासणी एकदाच आणि पास देतानाच करता येते. रोज लाखो लोकांची ती फलाटावर करणे अशक्य होते.

आता टीसीकडे वळू. रेल्वे कायदा १९८९ मधली दोन कलमे त्याच्या हातात असतात आणि दोन्हींत फार फरक आहे. कलम १३७ फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १३८ योग्य तिकीट नसलेल्या कुणालाही लागू होते आणि त्यात भाडे अधिक तितकीच रक्कम किंवा २५० रुपये, यांतले जे जास्त असेल ते भरून माणूस मोकळा होतो. रोजच्या कामात टीसी जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या कलमावर काढतो. पांढऱ्या शर्टावर काळा कोट घातलेला हा माणूस पुलाच्या पायथ्याशी उभा असतो आणि समोरून शेकडो माणसांचा लोंढा येत असतो. एका पासावर नजर टाकायला त्याला क्षण मिळतो, आणि त्या क्षणात कुठून कुठे, वर्ग कोणता, मुदत कधीपर्यंत आणि ओळखपत्राचा क्रमांक जुळतो का, हे सगळे पाहायचे असते. संशय आला की एकाला बाजूला घ्यायचे, आणि त्याची पावती फाडेपर्यंत उरलेला लोंढा न तपासता निघून जातो. गर्दीच्या वेळी डब्यात चढून तपासणी होत नाही. बारा डब्यांच्या गाडीत साडेचार-पाच हजार माणसे कोंबलेली असतात, गाडी स्टेशनात अर्धा मिनिटही थांबत नाही आणि साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला वाट नाही.

म्हणून रेल्वे मधूनमधून किल्लाबंदी करते: एका स्टेशनच्या सगळ्या वाटांवर एकाच वेळी टीसी आणि रेल्वे सुरक्षा दलाचे जवान उभे करायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कल्याणला अशा एका दिवसात १६० हून अधिक तपासनीस लावले गेले आणि ४,४०० हून जास्त प्रवासी सापडले; दंड १६ लाखांच्या पुढे गेला. बातमी म्हणून हा आकडा डोळ्यांत भरतो. पण एका तपासनीसाच्या वाट्याला दिवसभरात साधारण २७ प्रकरणे आली. एवढी माणसे एका स्टेशनवर लावल्यावर बाकीच्या स्टेशनांवर कोण उरले, हेही विचारायला हवे. किल्लाबंदीचा उपयोग वसुलीपेक्षा धाकासाठी आहे. महिन्यातून एकदा तरी सापडू, ही भीती जिवंत ठेवायला ती पुरते. दुसऱ्या वर्गाला तेवढी भीती पुरेशी आहे, कारण पास तितका स्वस्त आहे.

खरी अडचण पहिल्या वर्गात आणि एसी लोकलमध्ये आहे. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. मे २०२२ मध्ये एसीचे आणि पहिल्या वर्गाचे एका फेरीचे भाडे निम्म्यावर आणले गेले. तरीही आज दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये, पहिल्या वर्गाचे २५ आणि एसीचे ३५ आहे, आणि लांबच्या अंतराचा एसीचा महिन्याचा पास हजार रुपयांच्या पुढे जातो. दंड मात्र तिथेही तोच, २५० अधिक भाडे. म्हणजे दुसऱ्या वर्गात महिन्यातून एकदा सापडणे महाग पडते, तर एसीत तीन-चारदा सापडूनही पास न काढणारा फायद्यात राहतो. दुसऱ्या वर्गाचा पास खिशात ठेवून एसीत चढणारे, टीसी दिसला की पुढच्या स्टेशनला उतरून घेणारे, हे सगळे या फटीतून येतात. २०२५ च्या अखेरीस मध्य रेल्वेच्या एसी लोकलमध्ये बनावट मोबाइल पास सापडले आणि गुन्हे दाखल झाले, यातही मला नवल वाटत नाही. २१५ रुपयांच्या पासाची नक्कल करायला कोण बसेल? ज्या पासाची किंमत हजारांत आहे त्याचीच नक्कल होणार. शिवाय एसी लोकलची दारे बंद होतात आणि डबे आतून जोडलेले असतात. टीसीला गाडीभर फिरता येईल अशी ती एकमेव लोकल आहे. तपासनीस कमी असतील तर ते आधी इथे लावायला हवेत आणि दंड त्या वर्गाच्या मासिक पासाएवढा तरी असायला हवा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: मेट्रोसारखे गेट लावा, प्रश्नच मिटेल. ८ जून २०१४ ला सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोत गेट आहेत आणि ते नीट चालतात. पण मेट्रोचे स्टेशन गेट धरूनच बांधलेले असते. सगळे प्रवासी एका बंदिस्त मजल्यावर येतात आणि तिथूनच वर जातात. लोकलच्या स्टेशनांना दोन्ही बाजूंनी अनेक तोंडे आहेत, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी माणसेही तेच पूल वापरतात. चर्चगेटचाच विचार करा. एका गेटमधून मिनिटाला तीस माणसे जातात असे धरले आणि वीस गेट लावले, तरी साडेचार हजारांची एक गाडी रिकामी व्हायला साडेसात मिनिटे लागतील. तोवर मागून दुसऱ्या गाड्या येऊन लागलेल्या असतील. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पुलाच्या तोंडाशी गर्दी तुंबली की काय होते हे या शहराने पाहिले आहे. चार रुपये तीस पैशांची फेरी वाचवण्यासाठी त्या तोंडाशी आणखी एक अडसर उभा करणे मला सर्वथा चूक वाटते. दार उघडे ठेवून अधूनमधून तपासायचे आणि सापडेल त्याला जबर दंड करायचा, ही पद्धत बर्लिन आणि व्हिएन्नातही आहे. बर्लिनमध्ये दंड ६० युरो आहे. ती श्रीमंतांची ऐट नाही, गर्दी वाहती ठेवण्याची ती एक विचारपूर्वक निवड आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: एवढे स्वस्त आहे तर फुकटच का नको? लक्झेंबर्गने २०२० मध्ये जवळजवळ सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत केली. पण तो देश लहान आणि सधन आहे. आपल्या रेल्वेच्या तिकिटांवर तर खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात असे छापलेले असायचे. भाडे अगदी काढून टाकले तर नव्या गाड्या आणि नवे पूल मागताना मुंबईच्या हातात दरवर्षी दिल्लीपुढे हात पसरण्यापलीकडे काही उरणार नाही. पैसे भरणारा प्रवासी हक्काने विचारू शकतो, आणि पास स्वस्त असल्यामुळेच गरिबालाही तो हक्क परवडतो.

तिसरी गोष्ट आक्षेपाहून तक्रारीच्या जवळ जाणारी आहे, आणि ती मला सर्वांत खरी वाटते: अडकतो तो बहुधा नवखा माणूस. ज्याच्याकडे पास नाही, जो महिन्यातून एखादेवेळी दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी शहरात येतो, ज्याला पहिल्या वर्गाच्या डब्यावरच्या तिरप्या पट्ट्या ओळखू येत नाहीत, त्याच्यासाठी २५० रुपये म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. त्याच्यासाठी तिकीट मिळणे सोपे करण्यापलीकडे उपाय नाही. एटीव्हीएम या तिकीट यंत्राजवळ बसणारे निवृत्त रेल्वे कर्मचारी, जे बटणे दाबून तिकीट काढून देतात, ते या कामात कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी पडतात, आणि गर्दीच्या वेळी ती खुर्ची रिकामी दिसणे हा तिकीट चुकवण्याचा एक उघड रस्ता आहे. मोबाइल तिकिटाने रांग कमी झाली खरी. पण स्टेशनात उभे राहून ते काढता येऊ नये म्हणून फोनचे ठिकाण पाहिले जाते, आणि ती अट ओलांडायला स्टेशनात क्यूआर कोड लावले गेले. लोकांनी त्या कोडचे फोटो जवळ ठेवले आणि टीसी दिसला की तिकीट काढायला सुरुवात केली. ही फसवणूक एकेका फेरीच्या तिकिटात होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पासधारकाला तिची गरजच पडत नाही.

दंडाचा २५० हा आकडा कायद्याच्या मजकुरातच लिहिलेला आहे. २००४ मध्ये तो ५० वरून २५० झाला, आणि तो बदलायचा तर संसदेला दुरुस्ती करावी लागेल. ती करताना एकच नवा मोठा आकडा सगळ्यांना लावण्याचा मोह होईल, कारण ते लिहायला सोपे आहे. पण दुसऱ्या वर्गातल्या नवख्याला हजार रुपये लावून एसीतला फुकट्या सुधारणार नाही. कायदा करणाऱ्यांना असा बारीक विचार करता येतो, हे त्याच कायद्याच्या कलम १३९ मध्ये दिसते. सोबत पुरुष नसलेल्या विनातिकीट स्त्रीला किंवा मुलाला गाडीतून उतरवायचे झाले, तर जिथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण एवढ्याच जागी, आणि तेही दिवसाउजेडीच, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. दंडाच्या कलमातही दुसऱ्या वर्गासाठी आजचा आकडा राहू द्यावा आणि वरच्या वर्गांसाठी तो त्या-त्या अंतराच्या मासिक पासाला बांधून टाकावा, म्हणजे पासाचा दर बदलला की दंडही आपोआप बदलेल.